पोरीला खेळायला गोबी

लेकीचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. फोन ओट्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला, म्हणजे तिला माझी हनुवटी आणि वरचं छत एवढंच दिसत असणार. ती लातूरला, मी नांदेडला. आमच्या भेटी अशा हनुवटीच्याच होतात.

"आई, मी पाठवलेला फोटो बघितलास का?"

"बघितला. लाकडाचे तुकडे दिसले मला."

"तुकडे न्हाईत ते. खेळणी हायत. नऊ ते बारा महिन्यांच्या बाळासाठी. मेंदूच्या वाढीसाठी."

"कितीनं वाढतो?"

तिनं किंमत सांगितली. मी विचारलं होतं मेंदूचं, तिनं सांगितलं पैशाचं. तव्यावरची भाकरी उलटायला घेतली होती ती हातातच फाटली.

"फीच्या पैशांतून घेऊन राहिलेय," ती म्हणाली. "तू रागावू नको."

ही फी म्हणजे काय ते सांगते. लेकीचं बी.एड.चं एक वर्ष झालं आणि मग पोटात लेकरू आलं, म्हणून दुसरं वर्ष राहिलं. जावई कापडाच्या दुकानात कामाला. शिकवण्या घेऊन, सणाचं लुगडं रद्द करून, कुठं कुठं हात आखडून दोघांनी त्या दुसऱ्या वर्षाची फी बाजूला काढलेली. शनिवारी भरायची शेवटची तारीख, आणि फोन आला तो मंगळवार. तारीख चुकली की वर्ष गेलं. आणि एकदा घरी बसलेल्या बाईचं एक वर्ष एकटं जात नाही, ते पुढच्या दोन-चार वर्षांना हाताला धरून घेऊन जातं.

"वरच्या मजल्यावर एक बाळ हाय," ती पुढं म्हणाली, "त्याच्याकडं अशीच खेळणी हायत. ते टाळ्या वाजवतं. आपली न्हाई वाजवत. काल त्या वहिनींनी विचारलं, अजून न्हाई वाजवत का म्हणून."

शेवटचं वाक्य तिनं घाईनं म्हटलं. मला प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असतं. त्या दिवशी मी म्हटलं, "भाकरी करपली," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या तिकिटात लातूरच्या एसटीत बसले.

हा आजार मला चांगला ठाऊक होता. मला तो आधी होऊन गेला होता, आणि फार जोरात झाला होता.

माझं लग्न उदगीरच्या घरात झालं, नांदेडला आम्ही फार नंतर आलो. मी किनवटकडची. सासूबाई बिदरच्या बाजूच्या, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी बोलायच्या, आणि कुठलं अर्धं कधी येईल ते सांगता यायचं नाही. त्यांना मी आत्या म्हणायचे. ही लेक तेव्हा नऊ महिन्यांची होती. एक दिवस मी बाजाराला निघाले तशा आत्या आतून म्हणाल्या, "येताना पोरीला एक गोंबे आण गं. नुसती बोटं चोखून राहिली."

गोंबे म्हणजे कानडीत बाहुली. हे आता सगळ्या जगाला माहीत आहे, तेव्हा मला नव्हतं. मी ऐकलं गोबी. आमच्याकडं फ्लॉवरला फुलगोबी म्हणतात. आता नऊ महिन्यांच्या पोरीला गोबी कशाला, हा प्रश्न कुणालाही पडला असता, मलाही पडला. पण विचारलं तर सासूला वाटेल सुनेला काही येत नाही, म्हणून ही शहाणी गप्प बसली. शहाणी म्हणजे मी. त्या वयातल्या माझं दुसरं नाव मला सुचत नाही. मनाशी म्हटलं, शिजवून कुस्करून द्यायची असेल, कानड्यांची पद्धत असेल. आणि बाजारातली सगळ्यात मोठी, सगळ्यात पांढरी गोबी निवडून, भाजीवाल्याशी भांडून, पिशवीत घालून पदराखाली झाकून घरी आणली.

आत्यांनी पिशवीत डोकावून बघितलं.

"हे काय?"

"गोबी."

"गोबी कशाला?"

"तुम्हीच म्हणलात की. पोरीला आण म्हणून."

आत्या आधी माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांना उमगलं, आणि त्या उंबऱ्यातच बसल्या. हसायला बसल्या. डोळ्यांना पदर लावून, गुडघ्यावर हात आपटून हसल्या. मग उठून शेजारी गेल्या आणि तिथं हसल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की अमक्याच्या सुनेनं लेकराला खेळायला गोबी आणली.

लेकरानं मात्र काहीएक तक्रार केली नाही. गोबी जमिनीवर ठेवली तर तिनं आधी तिला थापट्या मारल्या. मग बाहेरची पानं धरून ओढली, ती चिरचिर वाजायला लागली तशी खुदुखुदु हसली. मग गोबी गडगडत निघाली, ही रांगत मागं. तासभर हे चाललं. घरात नऊ महिन्यांत पहिल्यांदा मला निवांत चहा प्यायला मिळाला. संध्याकाळी आत्यांनी गोबी धुतली आणि तिची भाजी केली. खेळून झाल्यावर फोडणीला टाकता येतं असं दुसरं खेळणं मी नंतर कधी बघितलं नाही.

एवढं कळायला डोकं लागतं. शहाणीकडं फक्त नाक होतं, आणि ते कापलं गेलं होतं. विहिरीवर बायका विचारायच्या, "आज पोरीला काय आणलं? वांगं?" मी ठरवलं की आता अशी बाहुली आणायची की गल्लीचे डोळे दिपले पाहिजेत.

माझ्या वडिलांनी शिवणक्लाससाठी मला पैसे दिले होते. नांदेडला एका कामानं गेलो होतो, तिथं मोठ्या दुकानातून त्या पैशांची बाहुली घेतली. सोनेरी केस, निळे डोळे. आडवी केली की डोळे मिटायची, उभी केली की खटकन उघडायची. पोट दाबलं की "ममा" म्हणायची. आमच्या घरात तोवर कुणी कुणाला ममा म्हटलं नव्हतं. मांडीवर घेऊन एसटीतून उदगीरला आणली, तिच्यासाठी खिडकीची जागा मागितली असती तर कंडक्टरनं दिलीही असती. प्लास्टिकसकट फळीवर ठेवली.

"तो कागद तरी काढ," आत्या म्हणाल्या. "गुदमरंल ती."

"मळेल."

"मग खेळायचं कुणी? पाहुण्यांनी?"

पाहुण्यांनीच. गल्लीतल्या बाया येऊन बघून गेल्या, पोट दाबून गेल्या. पोरीचं विचाराल तर तिला बाहुली दाखवली की ती दारापर्यंत ऐकू जाईल असं रडायची. ते खटकन उघडणारे डोळे तिला सहन व्हायचे नाहीत. मुलगी झोपली असताना मी फळीवरून बाहुली काढून पुसायचे आणि ती उठायच्या आत परत ठेवायचे. बाहुली पोरीसाठी नव्हतीच, विहिरीवरच्या बायकांसाठी होती.

शिवणक्लास माझ्याशिवाय सुरू झाला. नंतर मी शिवण शिकले, पण मध्ये सहा वर्षं गेली. सहा वर्षं मी माझ्या पोरीचे फ्रॉक दुसरीकडं शिवायला टाकत होते आणि बाह्या चुकल्या म्हणून त्या बाईशी भांडत होते.

तर ही सगळी गोष्ट मी एसटीत नीट जुळवून घेतली. अहमदपूर येईपर्यंत तिच्यात उपदेशही भरला. चाकूर गेल्यावर शेवटचं वाक्यसुद्धा ठरवलं. लेक ऐकेल, डोळ्यांत पाणी आणेल, आणि म्हणेल, आई, तू होतीस म्हणून.

लेकीनं दार उघडलं आणि म्हणाली, "तू मला समजवायला आलीस."

"नातीला बघायला आले."

"आई, तू पिशवीत कपडे आणलेस आठ दिवसांचे. बघायला येणारी दोन दिवसांचे आणते."

आतून जावई आले. "बरं झालं आलात, मामी. आता तुम्हीच सांगा."

"जावई, मी काही सांगणार न्हाई," मी म्हटलं, आणि पाय धुऊन बसल्याबरोबर सांगायला सुरुवात केली. गोबी सांगितली. त्यावर जावई हसले. नात मांडीवर होती, ती माझ्या मंगळसूत्राला लोंबकळून हसली. बाहुली सांगितली. लेक हसली नाही.

"मला आठवते ती बाहुली," ती म्हणाली. "मोठी झाल्यावरही मला भीती वाटायची."

"तेच तर म्हणते मी. दिखाव्याला भुलायचं न्हाई."

"मी दिखाव्याला घेत न्हाई, आई. इथं कोण येतं आमच्याकडं बघायला?" ती नातीच्या पायातला मोजा उगाच ओढत राहिली. "मला भ्या वाटतं. मी दिवसभर एकटी असते हिच्याजवळ. हिला काय द्यायचं, काय बोलायचं, मला कळत न्हाई. मी पुस्तक उघडलं की वाटतं हिच्याकडं लक्ष न्हाई. उद्या ही मागं पडली तर मला काय वाटंल, माझ्या फीपायी पडली."

मी टाळ्यांवरून एक थट्टा आणली होती. तू अकरा महिन्यांपर्यंत वाजवल्या नाहीस, आता माझ्याशी भांडताना किती छान वाजवतेस, अशी. ती बोलून टाकली. मग मला लाज वाटली. चाकूरपासून घोटलेला उपदेश माझ्याच रोगावरचा होता. मला गल्लीची लाज होती. हिला लेकराची काळजी होती. वरून दोन्ही रोग सारखेच दिसतात, दोन्हींत माणूस दुकानाकडं धावतं, पण औषध एक नाही.

"डॉक्टरला दाखवलं का?" मी विचारलं.

"मागच्या आठवड्यात. लसीच्या वेळी. त्या म्हणल्या सगळं बरोबर हाय. बसते, रांगते, हाक मारली की बघते. वाजवील टाळ्या."

"मग?"

"मग काय. मला घरी आल्यावर परत वाटतं."

जावयांनी उठून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "चल, बाजारात जाऊ. फीला हात लावू नको. मी चपलेसाठी पैसे आणलेत, माझी चप्पल अजून चालते. तेवढ्यात जे येईल ते घेऊ." लेकीला ते पटलं नाही, पण नातीला बाहेर न्यायचं होतंच.

गंजगोलाईत सोळा दिशांनी रस्ते येतात, त्यामुळं मी तिथं नेहमी नको त्या रस्त्यानं बाहेर पडते. या वेळी लेकीनं हाताला धरून नेलं. खेळण्यांच्या दुकानात मी आधी फार शहाण्यासारखं वागले. एक रंगीत लाकडी खुळखुळा घेतला, पदराचं टोक ओलं केलं आणि घासून बघितला. पदर लाल झाला. ठेवून दिला. आणि मग मला ते अस्वल दिसलं.

ते ढोल वाजवायचं. खालचं बटण दाबलं की मान हलवायचं, डोळ्यांतून निळा उजेड पाडायचं आणि दोन्ही हातांनी धडधड ढोल बडवायचं. मी दोनदा बटण दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. किंमत चपलेच्या पैशांत बसत होती, अगदी बरोबर बसत होती, जणू माझ्या चपलेचं माप घेऊनच अस्वल केलं होतं.

"हे घेऊ," मी म्हटलं.

लेक माझ्याकडं बघत राहिली. "आई."

"बघ तरी. ढोल वाजवतंय."

"तुला घ्यायचंय का तिला?"

नात तिच्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती, ढोल सुरू झाल्यापासून. लेकीनं अस्वल हातात घेतलं, बटण बंद केलं. पोटाची शिवण ओढून बघितली. मग एक डोळा चिमटीत धरून पिळला. डोळा हातात आला.

"ताई, तोडू नका हो माल," दुकानदार म्हणाला.

"मी न्हाई तोडला, दादा," लेक शांतपणे म्हणाली. "आत्ता निघाला तो माझ्या हातात निघाला. घरी निघाला असता तर हिच्या घशात गेला असता. आणि सेलचं झाकण बघा, नुसतं सरकतंय. याला स्क्रू पाहिजे."

दुकानदारानं अस्वल मागच्या मागं ठेवलं. मी काउंटरवरचा तो निळा डोळा बघत होते. नांदेडच्या दुकानातली शहाणी मेली नव्हती, ती माझ्याच चपलेचे पैसे घेऊन इथपर्यंत आली होती.

यानंतर लेकीनं मला काही बोलू दिलं नाही. ती एकेक वस्तू उचलायची, वास घ्यायची, कडेवरून बोट फिरवायची. नातीची मूठ उघडून तिथं टेकवायची, मावते का बघायची. तोंडात अख्खी जाईल अशी वस्तू बाजूला. दोरी लांब असेल ती बाजूला. मध्येच फोन काढून त्या महागड्या खेळण्यांचा फोटो मोठा करून बघितला.

"आई, यात एक डबा हाय. भोक पाडलेला. त्यातून कापड ओढून काढायचं."

"झालं? एवढंच?"

"एवढंच." ती थोडा वेळ फोटो बघत राहिली. "डबा तर आपल्याकडं हाय."

आम्ही शेवटी एकात एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या रंगीत वाट्या घेतल्या आणि एक जाड पुठ्ठ्याचं प्राण्यांचं पुस्तक घेतलं. त्यातला बैल गाढवासारखा दिसतो, पण नातीला अजून दोन्ही माहीत नाहीत. एवढं घेऊन चपलेचे निम्मे पैसे उरले. दारात दुकानदार म्हणाला, "ताई, पांगुळगाडा देऊ का? लाकडाचा हाय." लेक म्हणाली, "धरून उभी राहू दे आधी. मग येते."

घरी जावयांनी एका रिकाम्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडलं आणि कानशीनं त्याच्या कडा घासल्या. ओढणीचा हातभर तुकडा त्यात कोंबला. मी जुन्या साड्यांचे तुकडे काढून चेंडू शिवला, आत कापडच भरलं, दुहेरी दोऱ्यानं टीप घातली. सहा वर्षं उशिरा शिकलेली का होईना, टीप माझी पक्की आहे. नात ओढणी ओढायची, बाहेर आली की आमच्याकडं बघायची, आपण काय केलं म्हणून. लेक पुन्हा कोंबायची आणि बोलायची, "गेली, गेली, आता आली बघ." तिच्या लक्षात नव्हतं, पण ती तासभर बोलत होती. काय बोलायचं कळत नाही म्हणणारी बाई ती.

रात्री जेवताना तिनं भाजी वाढता वाढता सांगितलं, "उद्या फी भरून येते." जावयांनी भात जास्त घेतला. शुक्रवारी ती भरून आली.

टाळ्या नातीनं अजून वाजवल्या नव्हत्या, हेही सांगून ठेवते.

सोमवारी वर्ग सुरू झाला. माझे आठ दिवसांचे कपडे कामाला आले. पुढं लेकीच्या सासूबाई येणार होत्या, आणि मग पुन्हा मी. सकाळी लेकीनं दुधाचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, परत दुधाचं सांगितलं. दार लागलं तशी नात दाराकडं बघत राहिली. आधी तिला वाटलं गंमत आहे. मग तिचा ओठ बाहेर आला.

मी वाट्या मांडल्या. तिनं ढकलल्या. डबा पुढं केला, ओढणी अर्धी काढून दिली. तिनं ओढणी बघितली, तिचा वास ओळखला आणि जास्तच रडायला लागली. चेंडू टाकला. पुस्तकातलं गाढव की बैल दाखवून दोन्हींचे आवाज काढले. डोक्यावर पातेलं घालून नाचले, गुडघे दुखेपर्यंत. साठीच्या घरातली बाई आणि घरभर खेळणी, आणि लेकराला त्यातलं काहीच नको होतं. तिला तिची आई पाहिजे होती, आणि आईला जायचं होतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये मी पातेलं घालून उभी होते.

मग तिला खांद्यावर घेऊन खिडकीपाशी गेले आणि नुसती थोपटत राहिले. तेवढ्यात फोन वाजला. लेक. पहिला तास संपला होता.

"रडली का, आई?"

"न्हाई गं. खेळून राहिली."

"मग मागं कोण रडतंय?"

नातीनं नेमका तेव्हाच माझ्या कानाशी सूर चढवला. मी खिडकीतून खाली बघितलं. गल्ली रिकामी होती, एक कुत्रं तेवढं झोपलेलं.

"खाली कुणाचं तरी लेकरू हाय," मी म्हटलं. "तू जा. दुसरा तास सुरू झाला असंल."

तिला कळलं असणार, आपल्या लेकराचा आवाज कुणाला कळत नाही. मागं कुणीतरी तिला हाक मारली.

"त्या लेकराला म्हणावं," ती म्हणाली, "आई दोन वाजता येते."

"सांगते खाली," मी म्हटलं.